दोन सूत

लातूरहून औशाकडे निघालं की रिंग रोडच्या पुढे डाव्या हाताला पत्र्याचं एक शेड लागतं. दारात वाळत ठेवलेले फायबरचे दरवाजे, कूलरच्या टाक्या, कुठल्यातरी शाळेच्या बागेत जाणारी जिराफाची मान. आतून रेझिनचा उग्र वास. पाटीवर ‘श्री वीरभद्र फायबर वर्क्स’ असं लिहिलंय, पण त्या नावानं दुकान कुणालाच ठाऊक नाही. स्पॉयलरवाला श्रीशैल म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडतो.

श्रीशैल बिराजदार मूळचा औशाचा. वडिलांचं किराणा दुकान थोरल्या भावाकडे गेलं आणि दहावीला गणितात दोनदा नापास झालेला धाकटा श्रीशैल हैदराबादला गेला. तिथं बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात अकरा वर्षं काढली. काचेच्या तंतूंची मॅट साच्यात अंथरायची, ब्रशनं रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट रस, पाजायचं, रोलर फिरवून आतली हवा काढायची. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पुढं तिथंच तडा जातो. श्रीशैलच्या कामात बुडबुडा नसे. हात फिरवून तो सांगायचा की इथं पाव इंच जाड आहे आणि इथं कमी. गणितात नापास झालेल्या माणसाच्या बोटांत फूटपट्टी होती.

परत येऊन त्यानं लातुरात दुकान टाकलं. टाक्या-दरवाजे चालायचे, पण त्याचं नाव झालं ते स्पॉयलरनं. नवी गाडी घेतलेली पोरं यायची. मागं पंख पाहिजे, उंच पाहिजे, लाल पाहिजे. श्रीशैल साचा काढून बसवून द्यायचा. एखादा बाप सोबत आला की विचारायचा, “ह्यानं काय होतं हो?”

“दिसतं,” श्रीशैल म्हणायचा.

हे तो हसत म्हणायचा, पण त्याच्या मनात ते सलायचं. कारण एकदा त्यानं खरंच काहीतरी करणारी वस्तू बनवली होती. सोयाबीन वाहणाऱ्या एका ट्रकवाल्यानं केबिनच्या टपावर तिरकी टोपी बसवून घेतली होती, समोरचा वारा मागच्या उंच मालावर न आदळता वरून निघून जावा म्हणून. महिन्यानं ट्रकवाला मुद्दाम थांबला. “अण्णा, डिझेल वाचून राहिलंय. आन् गाडी पयल्यासारखी वाऱ्याला भांडत न्हाई,” म्हणाला. त्या दिवसापासून श्रीशैलला वाऱ्याचा नाद लागला. जीपमध्ये बसला की खिडकीतून तळहात बाहेर काढायचा. हात आडवा धरला तर वारा नुसता कापला जातो. अंगठ्याची बाजू जरा वर केली की हात वर उचलतो, खाली झुकवली की खाली दाबतो. सगळा खेळ बोटभर तिरकेपणाचा. आणि पंजा उभा धरला तर ना वर ना खाली, नुसता खांदा मागं ओढला जातो. त्याच्या दुकानातले सगळे स्पॉयलर त्या उभ्या पंजासारखे होते. वाऱ्याला अडवायचे, गाडीला मागं ओढायचे, बाकी काही नाही. हे त्याला एकट्यालाच माहीत होतं आणि ते सांगावं असं गिऱ्हाईक पंधरा वर्षांत एकही आलं नव्हतं.

मग तनुजा आली.

नांदेडची मुलगी, पंचविशीतली. वडील व्यंकटराव वीज मंडळातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. भोकरजवळच्या खेड्यात दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या आईबापाचं हे पोर दिव्याखाली शिकून नोकरीला लागलं, आणि त्यानं एकुलत्या एक मुलीला इंजिनियर केलं. तनुजा नांदेडच्याच एका पॉलिटेक्निकात तासिकेवर शिकवायची. तिला गाड्या पळवायचा छंद होता. छंद म्हणण्यापेक्षा तिला ते येत होतं. घड्याळाशी शर्यत लावायच्या स्पर्धा असतात. एकावेळी एकच गाडी मैदानात, कमी वेळ लागेल तो जिंकला. बापानं घेऊन दिलेल्या जुन्या लाल हॅचबॅकवर ती अशा दोन स्पर्धांत मुलांच्या पुढं गेली होती.

दुकानात आल्याबरोबर तिनं भिंतीला लावलेला एक स्पॉयलर उचलला, कडेनं डोळ्यासमोर धरला आणि विचारलं, “हा किती दाबतो, अण्णा?”

श्रीशैलच्या हातातला रोलर थांबला. “काय म्हणालात ताई?”

“ताशी शंभरला मागच्या चाकांवर किती किलो येतात?”

“शून्य,” श्रीशैल म्हणाला. “हा खोटा हाय. सगळेच खोटे हायत.”

ती हसली नाही. तिनं जमिनीवरच्या धुळीत बोटानं विमानाचा पंख काढला, कडेनं दिसतो तसा, वर फुगीर आणि खाली सपाट. “हा विमान उचलतो. बरोबर?” मग तेच चित्र पालथं काढलं. “आता हा खाली दाबणार. गाडीचं वजन न वाढवता टायरवरचं वजन वाढणार. टायर जमीन धरून ठेवणार, म्हणून वळण जोरात घेता येणार. मला हा पालथा पंख पाहिजे. खरा.”

“वारा फुकट देत न्हाई ताई काही,” श्रीशैल म्हणाला. “दाबला की ओढणार पण.”

“ओढू द्या. सरळ रस्त्यावर थोडा वेळ गेला तरी चालेल, मी वळणावर काढीन. पण किती दाबतो आन् किती ओढतो, हे मोजून पाहिजे मला.”

ती गेल्यावर श्रीशैल बराच वेळ त्या धुळीतल्या चित्राकडे बघत उभा होता. संध्याकाळी सुकन्यानं, त्याच्या बायकोनं, झाडू काढला तेव्हा त्यानं तिला तेवढी जागा सोडायला सांगितली.

पुढचे दोन महिने त्यानं दुसरं काम नावापुरतं केलं. तनुजा दर रविवारी नांदेडहून यायची. ती आकडे आणायची, तो साचा घासायचा. पहिला पंख जड झाला, दुसरा मधोमध वाकला. तिसऱ्यात त्यानं आत लाकडाचा हलका गाभा घातला आणि वरून तीन थर दिले. त्याच्यावर पाण्याचा थेंब सोडला तर पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत कुठंही न अडखळता जायचा. तनुजानं त्यावरून हात फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. श्रीशैलला ते कौतुकापेक्षा बरं वाटलं.

मोजायची युक्ती त्याची. ओळखीच्या पिकअपच्या हौद्यात त्यानं लोखंडी अँगलचा उंच सांगाडा उभा केला, केबिनच्या वर मोकळा वारा लागेल एवढा. सांगाड्याखाली आडतीवरचा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवला, मागून ओढ मोजायला एक ताणकाटा बांधला, आणि दोन्ही काट्यांसमोर मोबाईल लावले. पंख वर चढवून काटा शून्यावर आणला. मग पहाटे, रस्ता मोकळा असताना, तुळजापूरच्या दिशेनं पिकअप काढली. रामकिशन नावाचा पिकअपवाला चालवायला आणि ही दोघं शेजारी.

चाळीसच्या वेगाला काट्यावर तीन किलो आले.

“एवढंच?” श्रीशैलचा चेहरा उतरला.

“ऐंशीवर घ्या, दादा,” तनुजा रामकिशनला म्हणाली. “अण्णा, सांगा बरं किती येतील?”

“दुप्पट. सहा.”

बारा आले. श्रीशैलनं व्हिडिओ तीनदा बघितला.

“वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. तिप्पट झाला की नऊपट,” तनुजा म्हणाली. “म्हणजे एकशेवीसला?”

नापास झालेल्या माणसानं बोटं मोजली. “सत्तावीस.”

“सत्तावीस. आणि मागं ओढ पाच किलोच्या आसपास. पाच देऊन सत्तावीस घ्यायचे. एवढा चांगला पंख मी पुस्तकातच बघितलाय.”

त्या दिवशी औशाच्या बसस्टँडसमोर तिघांनी भजी खाल्ली. श्रीशैल हॉटेलवाल्याला ओळख नसताना सांगत होता, “सत्तावीस किलो. नुसत्या वाऱ्याचे.”

पंख गाडीच्या मागं चढला. दोन बाजूंना दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, प्रत्येकीत बोल्टासाठी अर्धगोल खाच. बोल्ट सैल केला की पंख कमीजास्त तिरका करता यायचा. पुढच्या बंपरखाली एक पातळ ओठ बसवायचं ठरलं होतं, म्हणजे पुढंही थोडा दाब मिळेल आणि गाडी दोन्हीकडे सारखी बसेल. पण त्याचा साचा अजून अर्धाच झाला होता आणि स्पर्धा चार दिवसांवर आली. बिदरच्या पुढं एका बंद पडलेल्या धावपट्टीवर कुठल्याशा क्लबनं ती भरवली होती.

“ओठ राहू द्या. पण अण्णा, पुढचं एकदा मोजून घ्या,” तनुजा गाडी त्याच्याकडे ठेवून जाताना म्हणाली. “मागं पंख चाकाच्याही मागं आलाय. पुढचं टोक किती उचलतंय ते बघा. जास्त असलं तर पंख जरा आडवा करू.”

“बघतो की.”

त्यानं बघितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच गेला. पुढच्या चाकाच्या कमानीत स्टीलची पट्टी उभी चिकटवली, मोबाईल टेपनं बांधला आणि एकशेवीसवर गाडी नेली. आधी पंख काढून, मग पंख लावून. घरी येऊन व्हिडिओ सावकाश फिरवला. पंख नसताना पुढचं टोक एक सूत वर येत होतं, म्हणजे इंचाचा आठवा भाग. प्रत्येक गाडी तेवढी उचलतेच. पंख लावल्यावर दोन सूत.

सुकन्या भाकरी थापत होती. त्यानं तिला दाखवलं.

“म्हणजे गाडी उलाळ झाली म्हणा की,” ती म्हणाली. निलंग्याकडच्या शेतकऱ्याची लेक होती ती. बैलगाडीत मागं जास्त कडबा भरला की जू वर उचलतं आणि बैलाच्या मानेवर वजन राहत नाही, त्याला उलाळ म्हणतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. “उलाळ गाडी बैलाच्या हातात ऱ्हात न्हाई. सांगा तिला.”

“दोन सूत म्हणजे काय लई न्हाई.”

“तिनं मोजायला सांगितलं तवा सांगा. तिचं ती बघंल.”

उपाय सोपा होता. तेरा नंबरचा पाना घेऊन दोन बोल्ट सैल करायचे आणि पंख थोडा आडवा पाडायचा. पाच मिनिटांचं काम. पण मग सत्तावीसचे सतरा झाले असते. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं केलेला पंख खरा निघाला होता, आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं थोडा खोटा करायचा होता. तेवढं त्याच्यानं झालं नाही.

दुपारी तनुजाचा फोन आला. “अण्णा, पुढचं बघितलं का?”

“बघितलं की.”

“काही फरक?”

“किरकोळ हाय.”

“नक्की?”

“हाव. किरकोळ.”

स्पर्धेला श्रीशैल स्वतः गेला. आयुष्यात पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट घालून तो कामाला निघाला होता. व्यंकटराव पांढऱ्या टोपीत, हातात पाण्याची पिशवी घेऊन आले होते. त्यांनी श्रीशैलचा हात दोन्ही हातांत धरला. “तुमच्याबद्दल रोज ऐकतो मी. पोरगी म्हणती, पप्पा, लातूरला एक माणूस हाय, त्याला पुस्तक न वाचता समजतं.”

पट्टीवर लांब सरळ भाग होता. त्याच्या शेवटी उजवीकडे मोठं वळण, आणि वळणाबाहेर जुन्या टायरांची रांग, तिच्यामागं मुरमाचा बांध. पहिल्या फेरीत तनुजानं अंदाज घेतला. दुसऱ्या फेरीत तिच्या गटातला सगळ्यात कमी वेळ तिचा आला. लोक पंखाचे फोटो काढायला लागले. कुणी विचारलं, परदेशातून मागवला का? श्रीशैल म्हणाला, “औसा रोडवरून.”

तनुजा काच खाली करून म्हणाली, “मागचं एकदम बसतंय अण्णा! चिकटल्यासारखं.” मग जरा थांबून, “पुढचं हलकं वाटून राहिलंय का थोडं? का मलाच वाटतंय?”

तेरा नंबरचा पाना श्रीशैलच्या पँटच्या खिशात होता. मांडीला टोचत होता. तिसरी फेरी शेवटची आणि गटात पहिला नंबर हातात होता.

“टायर गरम व्हायचेत अजून,” तो म्हणाला.

तिनं मान हलवली आणि काच वर केली.

तिसऱ्या फेरीत तिनं ब्रेक उशिरा दाबला. मागचं सुटत नाही ह्याची आता तिला खात्री होती. आधी वेग जास्त झाला की मागचं टोक थोडं सरकून तिला सांगायचं, बास कर. आता ते सांगणारं मागचं टोक पंखानं गप्प बसवलं होतं. तिनं स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं. चाकं वळलेली सगळ्यांना दिसली. गाडी वळली नाही. वळलेल्या चाकांनिशी ती तशीच सरळ गेली, टायरांची रांग फोडून मुरमात घुसली.

धावत पोचणाऱ्यांत श्रीशैल पहिला होता. तनुजा शुद्धीवर होती. तिचा उजवा पाय पेडलांच्या मध्ये अडकला होता. गाडीचं तोंड आत गेलं होतं आणि मागं पंख जसाच्या तसा उभा होता. त्याच्यावर ओरखडाही नव्हता. पाय मोकळा करायला पंधरा मिनिटं लागली, तेवढा वेळ ती एकच म्हणत होती, “वळलीच नाही. अण्णा, मी फिरवलं होतं. वळलीच नाही.”

घोट्याची तीन ऑपरेशनं झाली. हैदराबादच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की सांधा जोडून टाकावा लागेल. चालता येईल, पण घोटा हलणार नाही. त्या पायानं ब्रेक आणि ॲक्सिलरेटर कधी सांभाळता येणार नाही.

क्लबनं हात झटकले. त्यांच्या सेक्रेटरीनं लिहून दिलं की स्पर्धकानं गावठी बनावटीचा पंख लावला होता, तो तुटल्यामुळे अपघात झाला. हे पत्र घेऊन व्यंकटराव हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभे राहिले आणि सेक्रेटरीला फोनवर म्हणाले, “फोटो हाय माझ्याकडं. पंख जाग्यावर हाय. तुमची टायरांची रांग फुटली, माझी पोरगी मोडली, आन् ह्या माणसाचं काम जसंच्या तसं हाय. ह्याच्या कामाला नाव ठेवायचं काम न्हाई.”

श्रीशैल चार हातांवर बाकावर बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. सेक्रेटरीनं खोटं लिहिलं होतं, आणि ते खोटंच त्याला बरं वाटलं असतं. पंख तुटला असता तर त्याचं काम कमी पडलं असतं एवढंच. तो दर दोन दिवसांनी लातूरहून हैदराबादला जायचा. डबा न्यायचा, औषधं आणायचा, सरजाबाईंना, तनुजाच्या आईला, बसमध्ये बसवून द्यायचा. क्लबचं कुणी एकदाही आलं नाही.

इकडे लातुरात उलटंच झालं. अपघाताचा व्हिडिओ मोबाईलवरून मोबाईलवर फिरला. लाल गाडी, मागं काळा पंख, सरळ रस्त्यावर घोंघावत येणारी, आणि शेवटचे दोन सेकंद कापून टाकलेले. पोरं दुकानात यायला लागली. उदगीरहून आली, नायगावहून आली. “तोच पंख पाहिजे अण्णा.”

“त्यानं अपघात झालाय.”

“आम्ही काय एकशेवीसनं जातोय होय? दिसायला तसाच पाहिजे.”

त्यानं आठ-दहा जणांना परत पाठवलं. मग सुकन्या म्हणाली, “दुसऱ्याकडून करून घेत्यात. तो कसा करंल काय माहीत.” तेव्हा श्रीशैलनं साचा बाहेर काढला आणि त्याचा सगळा फुगवटा पॉलिश पेपरनं घासून काढला. वर सपाट, खाली सपाट. कुठं वारा धरणार नाही, कुठं दाबणार नाही. वरून काळा रंग. त्या वर्षी त्यानं असे चाळीस पंख बसवले. कुणाला फरक कळला नाही. कळणार कसा? तो विचारणारी एकच होती.

तिचा फोन अपघातानंतर तीन महिन्यांनी आला. नांदेडला घरी होती, पाय उशीवर. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“अण्णा, मी दुसऱ्या फेरीचा व्हिडिओ बघितला. चाक आणि कमान यांच्यातली फट मोजली पडद्यावर. तुम्ही मला किरकोळ म्हणाला होतात.”

“हाव.”

“किरकोळ म्हणजे किती?”

शेडमध्ये कंप्रेसर चालू होता. श्रीशैलनं जाऊन तो बंद केला. त्याला वाटलं, एक सूत म्हणावं. एक सूत तर प्रत्येक गाडी उचलते. तिला ते पटलंही असतं, पडद्यावरच्या मापाचा काय भरवसा.

“दोन सूत,” तो म्हणाला.

“हे तुम्हाला तीन दिवस आधी माहीत होतं.”

“हाव.”

“मग पंख आडवा का नाही केला?”

ह्याचं उत्तर त्याच्याकडे होतं. पण ते मनातल्या मनात म्हणून बघितलं तर त्याचं त्यालाच ऐकवेना. “सत्तावीसचे सतरा झाले असते,” त्यानं शेवटी सांगितलं.

ती म्हणाली, “मला सतरा पुरले असते.” आणि फोन ठेवला.

श्रीशैलला वाटलं, आता व्यंकटराव येतील. येऊन गचांडी धरतील, चार माणसांत विचारतील. तो रोज वाट बघायचा. सकाळी शटर वर करताना रस्त्याकडे बघायचा. असं झालं असतं तर कदाचित त्याला बरं वाटलं असतं. पण ते आले नाहीत. फोन आला तो आमंत्रणाचा. पोरगी पहिल्यांदा काठी घेऊन अंगणात चालली होती. “रविवारी जेवायला या. न्हाई म्हणायचं न्हाई,” व्यंकटराव म्हणाले. म्हणजे तिनं घरी सांगितलं नव्हतं.

अहमदपूर, लोहा करत तो नांदेडला गेला. घर तरोडा नाक्याच्या पुढं. बैठकीत बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, खालच्या फळीवर तनुजाचे दोन कप. सरजाबाईंनी पुरणपोळी केली होती. व्यंकटरावांनी त्याला स्वतःच्या शेजारी बसवलं. तनुजा आतल्या खोलीत होती. दार अर्धं लोटलेलं होतं आणि पलंगाचा पायथा दिसत होता.

“तुम्ही नसता तर हैदराबादला आमचं काय झालं असतं,” सरजाबाई वाढता वाढता म्हणाल्या. “सख्खा भाऊ करणार न्हाई एवढं केलं तुम्ही.”

श्रीशैलनं घास तोंडात घातला. मग ताटातली पोळी मोडत राहिला.

“मी काय म्हणतो बिराजदार,” व्यंकटराव पुढं सरकून हळू आवाजात म्हणाले, “हातानं चालवायच्या गाड्या असतात आता. ब्रेक, ॲक्सिलरेटर सगळं हाताशी. मी चौकशी करून राहिलोय. पोरगी आता न्हाई म्हणती, पण मला माहीत हाय तिचं मन. गाडी घेतली की पंख तुम्हीच बसवायचा. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाई.”

आतून काठी टेकल्याचा आवाज आला. मग तनुजाचा आवाज, अगदी साधा.

“पप्पा, त्यांची बस चुकेल.”

“अगं, आत्ताच बसलेत जेवायला…”

“चुकेल,” ती म्हणाली.

श्रीशैलनं पोळी संपवली. ताटात काही ठेवलं नाही. हात धुतले, सरजाबाईंना नमस्कार केला. निघताना त्यानं अर्ध्या लोटलेल्या दाराकडे बघितलं. तिनं दार पूर्ण लावलं नाही आणि उघडलंही नाही. व्यंकटराव त्याला नाक्यापर्यंत सोडायला आले, आणि रिक्षा सुटेपर्यंत हात हलवत उभे राहिले.

त्याला आता दोन वर्षं झाली. तनुजा पुण्याला एका कंपनीत संगणकावर गाड्यांचे आकार काढते, असं व्यंकटरावांकडूनच कळतं. ते दर पंधरा दिवसांनी फोन करतात. पोरीचा पगार, सरजाबाईंची साखर, नांदेडचं ऊन, सगळं सांगतात, आणि शेवटी न चुकता विचारतात, “मग, नवीन काय बनवताय?”

“काही न्हाई साहेब,” श्रीशैल म्हणतो. “दरवाजे.”